पत, फोन आणि पुरावा

पत हा शब्द आपल्या घरांमध्ये पैसा या शब्दाच्याही आधी शिकवला जातो. दुकानाच्या गादीवर प्रथमच बसणाऱ्या मुलाला वडीलधारी माणसे सांगतात, माल उधार आणलास तर वायद्याच्या दिवशी रक्कम पोहोचली पाहिजे. दोन दिवस आधी पोहोचली तर उत्तमच. भवानी पेठेतील व्यापारी असो, रविवार पेठेतील असो की मार्केट यार्डातील आडत्या असो, त्याचा कितीतरी व्यवहार शब्दावरच चालत आला. हुंडीच्या काळात तर ‘शहाजोग हुंडी’ असा एक प्रकारच होता. ती कोणाही वाहकाला वटवून मिळत नसे. ‘शहा’ म्हणजे बाजारात ज्याचे नाव प्रतिष्ठित आहे असा व्यापारी. त्यालाच तिचे पैसे दिले जात. पुढे काही वाद उद्भवला, तर त्या प्रतिष्ठित नावाच्या आधारे हुंडीचा माग काढता येई. माणूस ओळखीचा असणे हीच त्या व्यवहाराची हमी होती.

आज ती ओळख आपण कधीही न पाहिलेल्या कंपन्यांच्या संगणकांत साठवलेली असते. त्यांना आपण क्रेडिट ब्युरो म्हणतो. कायद्याच्या भाषेत त्या पतमाहिती कंपन्या. भारतात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. पहिलीचे नाव इतके रुळले आहे की बाजारात चौघींनाही ‘सिबिल’च म्हटले जाते. या कंपन्यांच्या नोंदीत चूक झाली, तर ती कोणाला सांगायची आणि ऐकणारा माणूसच फोनवर नसेल तर काय करायचे, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

रेशमाच्या दुकानातून आलेली कल्पना

अनोळखी माणसाची पत लिहून ठेवण्याचा व्यवसाय मुळात एका व्यापाऱ्यानेच सुरू केला. न्यूयॉर्कमधील लुईस टॅपन हे रेशमाच्या व्यापारातले गृहस्थ. १८३७ च्या मोठ्या आर्थिक अरिष्टात उधारीवर चालणाऱ्या कितीतरी पेढ्या कोसळल्या आणि दूरच्या गावातील गिऱ्हाइकाला माल उधार द्यावा की नाही, हा प्रश्न ऐरणीवर आला. १८४१ मध्ये टॅपन यांनी ‘मर्कंटाइल एजन्सी’ स्थापन केली. गावोगावच्या वार्ताहरांकडून व्यापाऱ्यांची माहिती येई, ती मोठमोठ्या वह्यांत उतरवली जाई आणि वर्गणीदार कचेरीत आला की त्याला वाचून दाखवली जाई. ज्याच्याविषयी हे लिहिले जात होते, त्याला मात्र ते पाहायला मिळत नसे. त्या वह्यांचे अडीच हजारांहून अधिक खंड आजही हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत.

याच एजन्सीतून पुढे डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही संस्था उभी राहिली. २००० साली मुंबईत क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो, म्हणजे सिबिल, स्थापन झाली, तेव्हा भारतीय स्टेट बँक आणि एचडीएफसी यांच्याबरोबर डन अँड ब्रॅडस्ट्रीट आणि ट्रान्सयुनियन या परदेशी संस्थाही तिच्यात भागीदार होत्या. २००५ मध्ये आपल्याकडे पतमाहिती कंपन्यांचा स्वतंत्र कायदा झाला. टॅपन यांच्या वह्यांत ज्याचे नाव होते त्याला नसलेला अधिकार या कायद्याने कर्जदाराला दिला. आपला अहवाल मागण्याचा आणि त्यातील चूक दुरुस्त करून घेण्याचा हा अधिकार आहे.

हा अधिकार कागदावर भक्कम आहे. तो बजावायला गेल्यावर मात्र पहिली गाठ पडते ती फोनमधील यंत्राशी.

यंत्र काय करू शकते आणि काय नाही

उदाहरणादाखल एक परिस्थिती घेऊ. दिवाळीच्या आधी माल भरायचा आहे. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवण्यासाठी अर्ज केला आणि बँकेने तो परत पाठवला. कारण विचारल्यावर समजते की सहा वर्षांपूर्वी फेडून टाकलेले वाहनकर्ज अहवालात अजून थकीत दिसते आहे. कर्ज फेडल्याचा दाखला घरात आहे, हप्ते बँकेच्या उताऱ्यात आहेत. तरीही संगणकात थकबाकीदार म्हणून नाव आहे. ज्याच्या घराण्याने तीन पिढ्या वायदा चुकवला नाही, त्याच्या मनाला हे किती लागते, ते वेगळे सांगायला नको.

असा गृहस्थ साहजिकच फोन उचलतो. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज येतो : भाषेसाठी अमुक दाबा, अहवालासाठी तमुक दाबा, तक्रारीसाठी आणखी काही दाबा. बटण दाबले की फोनमधून दोन स्वरांचा मिळून एक ध्वनी निघतो आणि त्यावरून पलीकडचे यंत्र आकडा ओळखते. बटणांचे हे फोन अमेरिकेत १९६३ पासून आले. आजची सारी स्वयंचलित उत्तरसेवा त्याच तत्त्वावर उभी आहे. आता काही ठिकाणी यंत्राला बोललेले शब्दही समजतात. तरी त्याची कुवत ठरलेल्या प्रश्नांपुरतीच असते. तक्रार कोठवर आली, अहवाल कसा मागवायचा, कचेरीची वेळ कोणती, हे ते सांगते. ‘माझे कर्ज फिटले आहे आणि तुम्ही मला थकबाकीदार ठरवले आहे’ या वाक्यासाठी त्याच्याकडे बटण नसते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. फोनवर माणूस भेटला, तरी तोही नोंद बदलू शकत नाही. ब्युरो ही माहितीची कोठी आहे. माल भरणारी बँक आहे. ज्या बँकेने किंवा वित्तसंस्थेने नोंद पाठवली, तिने दुजोरा दिल्याशिवाय ब्युरो ती नोंद बदलत नाही. म्हणून फोनवरील प्रतिनिधीशी वाद घालून, आवाज चढवून वा गयावया करून काहीही साध्य होत नाही.

मग फोन करायचा तरी कशासाठी? तक्रारीची तारीख आणि क्रमांक मिळवण्यासाठी. पुढची सारी लढाई या दोन गोष्टींवर चालते.

तीस दिवसांचे गणित

रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, चुकीच्या नोंदीची तक्रार बँकेकडे किंवा ब्युरोकडे केल्यापासून ३० दिवसांच्या आत तिचा निकाल लागला पाहिजे. न लागल्यास पुढच्या प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. ही तरतूद एप्रिल २०२४ पासून अमलात आहे. चूक कळल्यापासून २१ दिवसांत बँकेने सुधारित माहिती ब्युरोकडे पाठवायची असते. तिने उशीर केला तर भरपाई तिने द्यायची. तिने वेळेत पाठवूनही ब्युरोने मुदत ओलांडली तर ब्युरोने. दुरुस्ती ४५ व्या दिवशी झाली, तर १५ दिवसांचे १,५०० रुपये होतात आणि तक्रार निकाली निघाल्यावर कामकाजाच्या पाच दिवसांत ते खात्यात जमा व्हायला हवेत.

व्यापाऱ्याला दीड हजार रुपयांचे अप्रूप नाही. त्या रकमेचे मोल वेगळे आहे : विलंबाची किंमत आता समोरच्यालाही मोजावी लागते. मात्र ‘गुणांक कमी का आला’ या तक्रारीला ही तरतूद लागू होत नाही. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० या टप्प्यात असतो आणि तो काढण्याची पद्धत ज्याची त्या कंपनीची असते. त्याबद्दल भांडू नये. ज्या नोंदीमुळे तो घसरला, ती चूक असेल तर तिच्यावर बोट ठेवावे.

मुदत संपूनही काही झाले नाही किंवा मिळालेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे जाता येते. ही योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली आणि १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही तिच्या कक्षेत आल्या. शुल्क नाही, वकील लागत नाही. एक अट मात्र आहे : आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. २०२१ च्या योजनेत ‘लेखी’ या शब्दाचा अर्थ उदारपणे घेतला आहे. अन्य मार्गाने केलेली तक्रारही चालते. तक्रार केल्याचा पुरावा मात्र तक्रारदाराला दाखवता आला पाहिजे.

फोनच्या बाबतीत सारे मर्म येथेच आहे. यंत्राशी झालेले चाळीस मिनिटांचे संभाषण, बारा वेळा दाबलेली बटणे, ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे अनेकदा ऐकलेले वाक्य, यांतून तक्रारीचा क्रमांक हाती आला नसेल, तर लोकपालांपुढे दाखवायला काहीच उरत नाही. क्रमांक मिळाला, तर तोच फोन पुरावा ठरतो. उधारीचा माल चोपड्यात न चढवता देणारा दुकानदार आणि क्रमांक न घेता फोन ठेवणारा तक्रारदार यांच्यात फार अंतर नाही.

फोन करण्याची शिस्त

आता प्रत्यक्ष काय करावे, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट, फोनच्या आधी अहवाल हातात हवा. प्रत्येक ब्युरोने ग्राहकाला दर कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो २०१७ च्या जानेवारीपासून लागू झाला. ब्युरो चार आहेत, म्हणजे वर्षाला चार अहवाल फुकट. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार महिन्यांत एकेका कंपनीकडून एकेक मागवला, तर वर्षभर नजर राहते आणि खर्च शून्य. अहवालावर त्याचा स्वतःचा क्रमांक छापलेला असतो. सिबिलच्या अहवालात त्याला कंट्रोल नंबर म्हणतात. तक्रार नोंदवताना तो लागतोच.

दुसरी गोष्ट, समोर कोरा कागद आणि पेन ठेवावे. फोन केल्याची तारीख, वेळ, दाबलेल्या पर्यायांचा क्रम, प्रतिनिधी भेटल्यास त्याचे नाव आणि शेवटी तक्रार क्रमांक, एवढे त्यावर लिहावे. रोजमेळ लिहिणाऱ्या हातांना ही सवय नवी नाही. पर्यायांचा क्रम टिपलेला असला, की दुसऱ्या वेळी सारी निवेदने पुन्हा ऐकत बसावे लागत नाही. घरातील ज्येष्ठांना बटणे दाबताना अडचण येते, कारण मोबाइल कानाशी धरला की पडदा काळा होतो. फोन स्पीकरवर ठेवून अंकफलक उघडावा आणि जवळ घरातील तरुणाने बसावे. मात्र बोलणे ज्याचे खाते आहे त्यानेच करावे.

तिसरी गोष्ट, फोन ठेवल्यावर त्याच दिवशी तोच मजकूर ई-मेलने किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरील तक्रार अर्जातून पाठवावा. कर्जफेडीचा दाखला जोडावा आणि फोनवर मिळालेल्या क्रमांकाचा उल्लेख करावा. हाच मजकूर बँकेच्या शाखेत देऊन पोच घ्यावी. ब्युरो आणि बँक अशा दोन्ही ठिकाणी तारीख पडली, की ‘आमच्याकडे तक्रारच आली नाही’ असे म्हणायला कोणाला जागा उरत नाही.

चौथी गोष्ट, दुरुस्ती एका ठिकाणी झाली म्हणून निश्चिंत होऊ नये. २०१५ पासून प्रत्येक बँकेला आणि वित्तसंस्थेला चारही ब्युरोंचे सभासद व्हावे लागते, म्हणून एकच चूक चार ठिकाणी पोहोचलेली असू शकते. नवा कर्जदाता कोणता अहवाल पाहील, ते आपल्या हाती नसते. उरलेल्या तिन्ही अहवालांतही नोंद सुधारली का, ते पाहावे. आता बँकांनी निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची असते. १ जानेवारी २०२५ पासून हा नियम आला आहे. त्यामुळे पूर्वीइतकी वाट पाहावी लागू नये.

जुन्या बँकेचा फोन कोणाकडे?

पुण्यातील व्यापारी कुटुंबांना आणखी एक अडचण भेडसावते. कर्ज घेतले त्या नावाची बँकच आता राहिलेली नसते. १ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, तर ओरिएंटल आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनल बँकेत गेल्या. अहवालात जुने नाव दिसले आणि जुना फोन नंबर बंद लागला, तर हताश होऊ नये. जी बँक वारस झाली तिच्याकडे जुन्या खात्याची जबाबदारीही आलेली असते. तक्रार तिच्याच नावे करावी आणि जुना खाते क्रमांक न विसरता लिहावा.

जेथे वारस बँक नाही, तेथे फोनचा मार्गच उरत नाही. पुण्याच्या रुपी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द करण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश २२ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आला. बँक अवसायनात गेली, की जुन्या कर्जाच्या दाखल्यासाठी अवसायकांकडे लेखी अर्ज करणे हाच रस्ता राहतो. म्हणून कर्ज फिटल्याचा दाखला फिटल्या दिवशीच मागून घ्यावा आणि दुकानाच्या जागेच्या कागदांइतक्याच काळजीने ठेवावा. तडजोडीने कमी रक्कम भरून खाते मिटवले असेल, तर अहवालात ते ‘बंद’ असे न येता ‘सेटल्ड’ असे येते आणि पुढच्या कर्जदात्याला ते खटकते. ती चूक नसते, हेही समजून घ्यावे.

आपल्या समाजात एकमेकांना जामीन राहण्याची रीत जुनी आहे. ती चांगली रीत आहे. पण ज्या कर्जाला आपण जामीन आहोत ते आपल्याही अहवालात दिसते, हे ध्यानात असावे. भाच्याच्या कर्जाचे हप्ते थकले, तर मामांचा अर्ज अडू शकतो. तेथे फोन ब्युरोला करण्याआधी भाच्याला केलेला बरा.

खोट्या फोनपासून सावध

यंत्राला कंटाळलेला माणूस फसवणाऱ्यांचे सोपे सावज असतो. इंटरनेटवर शोधून मिळालेला ‘ग्राहक सेवा क्रमांक’ कित्येकदा ठकाचा असतो. तेथे मात्र पहिल्याच घंटेला गोड बोलणारा माणूस फोन उचलतो. ब्युरोचा क्रमांक अहवालावरून किंवा तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. बँकांनी सेवा आणि व्यवहारांसाठी ग्राहकाला करावयाचे फोन १६०० या आकड्यांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ची मालिका आहे. तरीही कोणत्याही क्रमांकावरून आलेल्या फोनवर ओटीपी किंवा पिन सांगू नये. ‘पैसे द्या, आठ दिवसांत सिबिल वाढवून देतो’ असे म्हणणाऱ्याच्या हाती नोंद बदलण्याचा कोणताही खास अधिकार नसतो. खऱ्या चुकीची दुरुस्ती आपण स्वतः विनामूल्य करू शकतो आणि खरी नोंद कोणीच पुसून देऊ शकत नाही. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

एक जिव्हाळ्याची सूचना मोबाइल क्रमांकाविषयी. अनेक एकत्र कुटुंबांत आजोबांच्या, काकूंच्या आणि दुकानाच्या खात्यांना एकाच नातवाचा क्रमांक जोडलेला असतो, कधी तर मुनीमजींचा. कोणी आपला अहवाल पाहिला, की ब्युरोने संदेश किंवा ई-मेल पाठवून तसे कळवायचे असते. तो संदेश ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचतो का, याचा विचार घराघराने करावा. स्वयंचलित सेवाही अनेकदा नोंदवलेल्या क्रमांकावरूनच आपल्याला ओळखते.

लोकपाल योजनेची माहिती हवी असेल, तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा क्रमांक आहे. तेथेही प्रथम यंत्रच बोलते. पण ज्या भाषांत मदत मिळते त्यांत मराठी आहे. तेथून माहिती आणि मार्गदर्शन मिळते. तक्रार मात्र रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून किंवा चंदीगड येथील केंद्राकडे पत्राने करायची असते.

पूर्वी आपल्या नावाविषयी बाजारात काही गैरसमज पसरला, तर चार प्रतिष्ठित माणसे मध्ये पडत आणि चोपडे उघडून हिशेब दाखवला की विषय संपत असे. आता मध्ये पडणारी माणसे दूर गेली. पण चोपडा उघडून दाखवण्याचा अधिकार कायद्याने शाबूत ठेवला आहे. त्यासाठी आपला चोपडा नीट लिहिलेला हवा. येत्या रविवारी घरातील प्रत्येक मिळवत्या माणसाने एका ब्युरोकडून आपला विनामूल्य अहवाल मागवावा आणि फिटलेल्या प्रत्येक कर्जाचा दाखला शोधून एका फाइलमध्ये लावावा. दोन तासांचे काम आहे. ते कर्जाची गरज पडण्याआधी झाले, तर दिवाळीच्या तोंडावर यंत्राशी बोलत बसण्याची वेळ बहुधा येणार नाही; आणि आलीच, तर हाती कागद असेल.